तुसाची राख, गवती चहा आणि चांदी

राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे गडप्रेमींना ठाऊक असते ते चोरदरवाजाच्या वाटेसाठी. पण वेल्हे परिसर आणि भोरचा पश्चिम पट्टा ही मुळात भाताची गावे. पावसाळ्यात खाचरे तुडुंब भरतात, दिवाळीच्या सुमारास कापणी होते, मग भात गिरणीवर जातो. तांदूळ घरी येतो, कोंडा जनावरांना जातो आणि उरते ते तूस. एक क्विंटल भात भरडला की साधारण वीस किलो तूस निघते. ते जनावर नीट खात नाही, शेतात लवकर कुजत नाही, म्हणून वीटभट्टीत किंवा चुलीत जाते. जळल्यावर त्याची चारेक किलो राख होते.

ही राख इतर राखेसारखी नसते. भाताचे रोप मुळांवाटे जमिनीतली सिलिका, म्हणजे वाळूचाच मूळ पदार्थ, शोषून घेते आणि ती दाण्याच्या कवचात साठवते. तूस जळले की सेंद्रिय भाग उडून जातो आणि सिलिकेचा सांगाडा मागे राहतो. या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असू शकते. तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि थोडा कोळसाही शिल्लक असतो. पाणी गाळायला याहून स्वस्त माल मिळणे कठीण. पुण्यात या राखेचा आधी साधा फिल्टर झाला. पुढे तिच्यावर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवले गेले आणि २००९ मध्ये ते यंत्र बाजारात आले.

राख आणि चांदी यांची ही जोडी जमवणाऱ्यांत एक नाव आहे डॉ. मुरली शास्त्री यांचे. ते मटेरियल सायन्सचे, म्हणजे सामग्रीविज्ञानाचे संशोधक. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, पुणेकरांच्या 'एनसीएल'मध्ये, त्यांनी केलेले काम जगभरच्या नॅनोविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत पोहोचले. त्यांच्या शोधनिबंधांची यादी लांबलचक आहे. परंतु त्यातल्या पाचसहा निबंधांचा क्रम नीट पाहिला, तर एक प्रश्न दुसऱ्या प्रश्नाला कसा जन्म देतो आणि प्रयोगशाळेतला शोध पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचायला काय काय लागते, हे दोन्ही कळते.

चांदी बारीक का करायची?

चांदी जंतूंना मारक आहे ही माहिती जुनी आहे. धातूंच्या अत्यल्प प्रमाणानेही सूक्ष्मजीव मरतात, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन नेगेली यांनी नोंदवले होते. त्यांचा तो निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये छापला गेला. तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवणाऱ्या आपल्याकडच्या घरांना ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. चांदीतून पाण्यात सुटणारे आयन जिवाणूंच्या प्रथिनांमधल्या गंधकाच्या अणूंना चिकटतात. त्यामुळे त्या प्रथिनांचे काम थांबते, पेशीचे आवरण बिघडते आणि जिवाणू मरतो.

अडचण अशी की आयन सुटतात ते पृष्ठभागावरून. एक ग्रॅम चांदीचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग जेमतेम सव्वा चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच एक ग्रॅमचे २५ नॅनोमीटर व्यासाचे गोल कण केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग सुमारे २३ चौरस मीटर होतो. दहा बाय दहा फुटांच्या अडीच खोल्यांची जमीन झाकली जाईल एवढा! नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग; माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे चांदी जितकी बारीक, तितकी ती कमी लागते आणि फिल्टर तितका स्वस्त होतो.

पण असे कण करायचे कसे? नेहमीची पद्धत रासायनिक. चांदीच्या क्षाराच्या द्रावणात क्षपण करणारे, म्हणजे आयनाला इलेक्ट्रॉन देऊन त्याचा धातू बनवणारे रसायन घालायचे. कण तयार होताच ते एकमेकांना चिकटून गोळा होतात, म्हणून त्यांच्याभोवती आवरण देणारे दुसरे रसायन घालायचे. यातली काही रसायने विषारी असतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगात काही संशोधकांना वाटू लागले की हे काम सजीवांकडून करून घेता येईल. स्वीडनमधल्या एका गटाने १९९९ मध्ये दाखवले की चांदीच्या खाणीत सापडलेला एक जिवाणू आपल्या पेशीत चांदीचे स्फटिक साठवतो.

पहिला टप्पा : बुरशी

डॉ. शास्त्री तेव्हा एनसीएलच्या मटेरियल्स केमिस्ट्री विभागात होते. त्याआधीचे त्यांचे निबंध पातळ थरांवरचे होते. स्निग्धाम्लांच्या अतिपातळ थरांत धातूंचे आयन किंवा प्रथिने कशी अडकवता येतील, असा त्यांचा विषय होता. हा माणूस बुरशीकडे वळेल असे त्या निबंधांवरून वाटत नाही. परंतु थरात कण धरून ठेवणे, कणांचे पृष्ठभाग तपासणे, त्यांच्याभोवती काय चिकटले आहे ते ओळखणे हे कसब त्याच कामात तयार झाले होते.

त्याच आवारात जीवरसायन विभाग होता. तिथे डॉ. अबसार अहमद आणि त्यांचे सहकारी बुरशींवर काम करत होते. या दोन विभागांच्या एकत्र येण्यातून २००१ मध्ये 'नॅनो लेटर्स' या नियतकालिकात एक निबंध आला. पहिले नाव होते संशोधक विद्यार्थी प्रियव्रत मुखर्जी यांचे. व्हर्टिसिलियम जातीची बुरशी चांदीच्या क्षाराच्या पाण्यात ठेवली, तर तिच्या पेशींच्या आतच चांदीचे कण तयार होतात, सरासरी सुमारे २५ नॅनोमीटरचे. बुरशीच्या पांढुरक्या गोळ्याचा रंग पालटून तपकिरी झाला. आणखी एक गोष्ट त्या निबंधात होती : कण तयार झाल्यावरही बुरशी मेली नाही, तिच्या पेशी वाढत राहिल्या. सोन्याबाबतचा असाच निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

शोध नवा होता, पण उपयोगाच्या दृष्टीने त्यात एक मोठी खोट होती. कण पेशीच्या आत. ते बाहेर काढायचे तर पेशी फोडाव्या लागणार. म्हणून पुढचा प्रश्न सरळ होता : कण पेशीबाहेर तयार करणारी बुरशी आहे का? २००३ मध्ये त्याचे उत्तर आले. फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी आपली विकरे, म्हणजे एन्झाइम, पाण्यात सोडते. ती विकरे चांदीच्या आयनांचे कण करतात आणि बुरशीचीच प्रथिने त्या कणांवर आवरण चढवतात. कण निघाले ५ ते १५ नॅनोमीटरचे. क्षपण आणि आवरण ही दोन्ही कामे एकाच सजीवाने केली.

याच वर्षी 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकात शास्त्री, अहमद, इस्लाम खान आणि राजीव कुमार यांनी या सगळ्या कामाचा आढावा लिहिला. परदेशी नियतकालिकांचे वर्गणीशुल्क न परवडणाऱ्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांपर्यंत हा विषय पोहोचायला असा आढावा उपयोगी पडतो.

मात्र बुरशीच्या पद्धतीला दोन मर्यादा राहिल्याच. एक, तिला दिवस लागत. दोन, फ्युझेरियम हे नाव शेतकऱ्याला भलत्याच कारणासाठी ठाऊक असते. हरभऱ्याचा मर रोग याच जातीच्या बुरशीच्या एका प्रकाराने होतो. पिकाला मारणाऱ्या कुळातली बुरशी कारखान्यात मोठ्या प्रमाणावर वाढवायची, तर काळजी घ्यावी लागणार.

दुसरा टप्पा : पाने

मग गट वनस्पतींकडे वळला. अमेरिकेत टेक्सासमधल्या संशोधकांनी सोन्याचा क्षार असलेल्या माध्यमात लसूणघास वाढवून त्याच्या आत सोन्याचे कण मिळवले होते. पुण्याच्या गटाने जिवंत रोप बाजूला ठेवले आणि पाने उकळून त्यांचा काढा घेतला. आधी जिरॅनियम, मग कडुनिंब. २००४ मध्ये कडुनिंबाच्या काढ्यातून चांदी, सोने आणि सोन्याच्या गाभ्यावर चांदीचे कवच असलेले कण मिळाल्याचा निबंध आला. बुरशीला दिवस लागत होते, तिथे पानांच्या काढ्याचे काम तासांवर आले.

त्याच वर्षी जुलैमध्ये 'नेचर मटेरियल्स' या नामांकित नियतकालिकात या गटाचा सर्वांत गाजलेला निबंध आला. लेखक सहा : एस. शिव शंकर, अखिलेश राय, बालाप्रसाद अंकमवार, अमित सिंग, अबसार अहमद आणि मुरली शास्त्री. त्यांनी वापरले होते लेमनग्रास, आपल्या चहात पडणाऱ्या गवती चहाच्याच कुळातले गवत. त्याचा काढा सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात घातला की खोलीच्या तापमानालाच सोन्याचे चपटे, त्रिकोणी पापुद्रे तयार होतात.

त्रिकोणाचे एवढे कौतुक कशासाठी? नॅनोकणांचा रंग त्यांच्या आकारावर ठरतो. सोन्याचे गोल नॅनोकण पाण्यात माणकासारखे लाल दिसतात. सोने त्रिकोणी आणि चपटे झाले की ते दृश्य प्रकाशापलीकडचे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात शोषू लागते. शरीराच्या ऊतींतून हे किरण इतर प्रकाशापेक्षा खोलवर जातात. म्हणून असे कण गाठीपर्यंत नेऊन बाहेरून किरण टाकले तर गाठ आतून तापवता येईल का, हा कर्करोग संशोधनातला एक जिवंत प्रश्न आहे. निबंधाने तो सोडवला असे नाही; तसे कण सौम्य पद्धतीने करता येतात एवढे दाखवले. हे त्रिकोण घडतात कसे, याचाही अंदाज लेखकांनी मांडला. सुरुवातीला तयार होणारे गोल कण जणू द्रवाच्या थेंबांसारखे वागतात, एकमेकांजवळ येतात आणि न तापवताच वितळल्यासारखे एकजीव होतात.

पुढच्या दोन वर्षांत चिंचेची पाने, आवळा, कोरफड यांवरचे निबंध आले. चिंचेच्या पानांनी केलेले सोन्याचे त्रिकोण वापरून बाष्प ओळखणारा संवेदक करता येईल का, हेही तपासले गेले.

यादी कशी वाचायची

डॉ. शास्त्री यांना २००२ मध्ये रसायनविज्ञानासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुरस्कार, निबंधांची संख्या, किती जणांनी ते उद्धृत केले याचे आकडे, या गोष्टींवरून संशोधकाची उंची ठरवायची सवय आता सर्वांनाच लागली आहे. २००५ मध्ये अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 'एच-इंडेक्स' मांडला. एखाद्याचे २० निबंध प्रत्येकी किमान २० वेळा उद्धृत झाले असतील, तर त्याचा एच-इंडेक्स २०. मोजायला सोपा, तुलना करायला सोपा. पण तो हे सांगत नाही की त्या वीस निबंधांत एकच गोष्ट वीसदा सांगितली आहे, की वीस वेगवेगळी पावले टाकली आहेत.

एनसीएलच्या या निबंधांत पावले दिसतात. पेशीच्या आत कण, मग पेशीबाहेर. बुरशी संथ, मग पाने. गोल कण, मग त्रिकोण. प्रत्येक निबंध आधीच्या निबंधातल्या एखाद्या उणिवेला दिलेले उत्तर आहे. लेखकांच्या नावांचा क्रमही बोलका असतो. या क्षेत्रात पहिले नाव बहुधा टेबलावर प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याचे आणि शेवटचे गटप्रमुखाचे. डॉ. शास्त्री यांचे नाव यांतल्या बहुतेक निबंधांत शेवटी आहे आणि पहिली नावे बदलत जातात. त्या विद्यार्थ्यांनी पुढे स्वतःच्या प्रयोगशाळा उभ्या केल्या. आकड्यांत न मावणारी ही कमाई आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पानांच्या काढ्याने नॅनोकण होतात हे एकदा कळल्यावर जगभर, विशेषतः भारतात, अशा निबंधांची रीघ लागली. तुळस, शेवगा, पपई, जास्वंद. पान नवे, प्रयोग तोच. चांदीच्या क्षारात काढा घातला, द्रावण पिवळट-तपकिरी झाले, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढला, बशीतल्या जंतूंवर परिणाम पाहिला, निबंध तयार. प्रयोगाला मोठे यंत्र लागत नाही, खर्च कमी, रंग बदललेला डोळ्यांना दिसतो. छोट्या गावातल्या महाविद्यालयालाही तो जमतो. विद्यार्थ्याला विज्ञानाची गोडी लावण्यासाठी तो उत्तमच. पण काढ्यातल्या नेमक्या कोणत्या रेणूने काम केले? पावसाळ्यातले पान आणि उन्हाळ्यातले पान सारखेच कण देते का? सहा महिन्यांनी ते कण तसेच राहतात का? हे प्रश्न पुष्कळ निबंधांत अनुत्तरित राहिले.

या पुराला व्यवस्थेनेही हातभार लावला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली, त्यात निबंधांना गुण होते. संख्या वाढवायची निकड आली आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके फोफावली. २०१८ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या डॉ. भूषण पटवर्धन यांच्या गटाने आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची तपासणी केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत शिरलेल्या, तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असा निष्कर्ष 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. संशोधकाची यादी किती लांब आहे यापेक्षा ती कुठे आणि कशासाठी छापली गेली, हे पाहणे म्हणूनच गरजेचे.

निबंधातून पेल्यात

डॉ. शास्त्री पुढे एनसीएल सोडून टाटा केमिकल्सच्या पुण्यातल्या नवसंशोधन केंद्रात मुख्य वैज्ञानिक म्हणून गेले. तिथे तुसाच्या राखेची कथा त्यांच्या कामाला येऊन मिळाली.

ही कथा पुण्यातच, हडपसरच्या टाटा संशोधन विकास आणि संरचना केंद्रात सुरू झाली होती. १९८१ मध्ये उभ्या राहिलेल्या या केंद्राचे पहिले संचालक डॉ. ई. सी. सुब्बाराव हेही सामग्रीविज्ञानाचेच, सिरॅमिक्सचे जाणकार. वीज आणि नळ नसलेल्या घरासाठी पाणी गाळायचे स्वस्त साधन करायचे, म्हणून तिथे तुसाच्या राखेवर काम झाले. त्यातून 'सुजल' नावाचा फिल्टर तयार झाला. राखेच्या थरातून पाणी झिरपले की गढूळपणा आणि बरेचसे जिवाणू अडकतात. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर आपद्ग्रस्त भागात हे फिल्टर दिले गेले.

पण राख जिवाणू अडवते, मारत नाही. अडकलेले जिवाणू त्या ओलसर थरात वाढूही शकतात. तिथे चांदीचे काम सुरू होते. राखेच्या छिद्रांत आणि पृष्ठभागावर चांदीचे नॅनोकण पक्के बसवले, तर जवळून जाणारे जिवाणू मरतात आणि थरात वसाहत होत नाही. ऐकायला सोपे वाटणाऱ्या या वाक्यात बरीच अवघड कामे दडली आहेत. कण राखेवर सारखे पसरले पाहिजेत. ते पाण्याबरोबर वाहून जाता कामा नयेत. हजारो लिटर पाणी गेल्यावरही परिणाम टिकला पाहिजे. प्रत्येक पोत्यातली राख थोडी निराळी असते, तरी प्रत्येक फिल्टर सारखाच चालला पाहिजे. शोधनिबंधात एकदा नीट दाखवले की पुरते. दुकानातल्या वस्तूला लाखो वेळा तेच करून दाखवावे लागते.

७ डिसेंबर २००९ रोजी मुंबईत रतन टाटा यांच्या हस्ते 'टाटा स्वच्छ' बाजारात आला. दोन प्रकार होते, ७४९ आणि ९९९ रुपयांचे. आतली नळकांडी २९९ रुपयांना मिळे आणि सुमारे ३,००० लिटर पाणी शुद्ध करी. म्हणजे लिटरला दहा पैशांच्या आसपास. पाच जणांच्या घराला ती दोनशे दिवस पुरेल असा हिशेब होता. वीज नको, वाहते पाणी नको. नळकांडीची क्षमता संपली की पाणी आपोआप थांबावे अशी सोयही त्यात होती. ही सोय महत्त्वाची, कारण निकामी झालेला फिल्टर विश्वासाने वापरत राहणे हे फिल्टर नसण्याहून धोक्याचे.

डॉ. शास्त्री पुढे आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियातले मोनाश विद्यापीठ यांच्या संयुक्त संशोधन अकादमीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले.

चांदीच्या मर्यादा

आरोग्याच्या बाजूने या साऱ्याकडे पाहताना चांदीकडून काय अपेक्षा ठेवायची आणि काय नाही, हे स्पष्ट हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये चांदीबाबतचा पुरावा तपासला. जिवाणूंवर चांदी परिणाम करते, पण त्याला वेळ लागतो. विषाणू आणि अमीबासारखे एकपेशीय जीव यांच्यावर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी नुसत्या चांदीवर विसंबू नये, असे संघटनेचे मत आहे. पाण्यात विरघळलेले क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट तर अशा फिल्टरने निघत नाहीत.

चांदी पोटात किती जावी यालाही हद्द आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चांदी नसावी. दीर्घकाळ जास्त चांदी पोटात गेल्यास त्वचा निळसर-करडी पडते आणि हा रंग सहसा जात नाही. 'नॅनो सिल्व्हर'चे पाणी औषध म्हणून प्या, असे सांगणाऱ्या जाहिराती समाजमाध्यमांवर फिरतात. फिल्टरच्या राखेत पक्की बसलेली चांदी आणि चमच्याने पिण्याची चांदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बशीत जंतू मेले, असे एखाद्या निबंधात छापून आले म्हणून ते पाणी माणसाला पाजण्याजोगे ठरत नाही.

डोंगरपायथ्याच्या गावांत पावसाळ्याचे पहिले दोन महिने पाण्याच्या दृष्टीने जोखमीचे. ओढे गढूळ होतात, विहिरीत वरचे पाणी उतरते, झऱ्यांचा मार्ग बदलतो. शहरही यातून सुटलेले नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. तपासलेल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशयाचे बोट दूषित पाण्याकडे गेले. पोटात जाणारा एक साधा जिवाणू नंतर माणसाचे हातपाय लुळे करू शकतो, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले.

अशा वेळी उपयोगी पडतात त्या जुन्याच गोष्टी. गढूळ पाणी आधी तुरटीने निवळावे, गाळावे, मग खळखळून उकळावे. उकळणे शक्य नसेल तर आरोग्य कर्मचाऱ्याकडून मिळणारे मेडिक्लोर सांगितलेल्या प्रमाणात घालावे. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जाते, म्हणून निवळणे आधी. गावाच्या टाकीत टीसीएल पावडर रोज पडते का आणि शेवटच्या नळावर ओटी टेस्टमध्ये क्लोरीन दिसते का, हे ग्रामपंचायतीला विचारायचा प्रत्येकाला अधिकार आहे. पाणी गुणवत्ता सर्वेक्षणात आपल्या गावाला लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले, हेही विचारावे. घरात फिल्टर असेल तर नळकांडी कधी बदलली ती तारीख त्याच्यावरच लिहून ठेवावी.

डॉ. शास्त्री यांच्या निबंधांच्या यादीत 'नेचर मटेरियल्स'चा तो निबंध सर्वांत वर झळकतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या आधी बुरशीवरचे निबंध झाले नसते, त्याच्याही आधी कुणाच्या फारशा लक्षात न राहिलेले पातळ थरांवरचे निबंध झाले नसते, तर तो लिहिला गेला नसता. सुब्बाराव यांच्या केंद्रात तुसाच्या राखेवर काम करणाऱ्यांनाही आपल्या राखेवर कधी चांदी बसेल याची कल्पना नव्हती. दोन्हीकडे माणसांनी हाती असलेला प्रश्न नीट सोडवला, त्यात राहिलेली उणीव उघडपणे मांडली आणि पुढचा प्रश्न तिथूनच उचलला. भात गिरणीच्या मागे पडलेल्या ढिगातून पिण्याचे पाणी गाळणारे यंत्र निघाले ते या रीतीने, आणि त्याला वीसपंचवीस वर्षे लागली.